उकरायची करवंटी

गेल्या वर्षी आषाढ लागायच्या सुमारास माझा पाच वर्षांचा मुलगा शाळेतून एक छापील कागद घेऊन आला. ‘चला, फुलाचे बी लावूया’ असे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते आणि खाली कृती दिली होती. कागदी पेला रंगवावा, त्यात माती भरावी, बी टाकावे, पाणी शिंपडावे, आइस्क्रीमच्या काडीला पतंगाच्या कागदाचे फूल चिकटवून ती काडी मातीत खोचावी आणि मुलाचा पेल्यासह फोटो काढून पाठवावा. लागणारा वेळ एक तास. त्या संध्याकाळी ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या घराच्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघे बसलो आणि सांगितले होते तसे सगळे तासाभरात केले. फोटो चांगला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी, दात घासायच्याही आधी, अबीर पेल्यापाशी गेला, कागदी फूल उपटून त्याने बाजूला ठेवले, पेला फरशीवर उपडा केला आणि ओल्या मातीत बोटे घालत मला विचारले, “आई, खरं फूल कुठंय?”

“येईल, थांब,” एवढेच मी म्हणाले. उत्तर खरे होते, पण त्याच्या उपयोगाचे नव्हते. पाच वर्षांच्या मुलाला पोळी तव्यावरून उतरेपर्यंतचे थांबणे कळते, लिफ्ट येईपर्यंतचे कळते, फार तर बाबा कामावरून येईपर्यंतचे कळते. ‘दोन महिने थांब’ याचा अर्थ त्याच्या लेखी ‘येणार नाही’ असाच असतो. शिवाय ते कागदी फूल आम्ही पहिल्याच दिवशी मातीत खोचून ठेवले होते. जे यायचे ते आलेलेच आहे असे त्याला आधी दाखवायचे आणि मग खऱ्याची वाट बघ म्हणायचे, यात काहीतरी चुकत होते, आणि ते मला त्या उपड्या पेल्यासमोर बसल्यावर जाणवले. कात्री, खळ, रंग यांनी केलेली वस्तू हात थांबला की पुरी होते. बियांचे तसे नाही. तिथे हात थांबला की काम सुरू होते, आणि ते आपण करायचे नसते.

माझ्या सासूबाई अलिबागजवळच्या गावात वाढलेल्या. फरशीवरची माती पाहून त्या आधी म्हणाल्या, “तेरड्याचा रंग तीन दिवस,” आणि मग बहुधा स्वतःच्याच तोंडून आलेल्या शब्दावरून त्यांना आठवण झाली असावी, कारण त्या आत गेल्या आणि शिवणाच्या डब्यातून कागदाची एक पुडी घेऊन आल्या. पुडीत तपकिरी रंगाचे, मोहरीपेक्षा जरा मोठे, गोल दाणे होते. त्यांच्या माहेरच्या परसातल्या तेरड्याचे ते बी होते. “हे लावा,” त्या म्हणाल्या, “गौरीला फूल हवंच असतं.”

तेरडा आपल्याकडचाच. नर्सरीत त्याला बाल्सम म्हणतात आणि दुहेरी पाकळ्यांच्या गुलाबासारख्या जाती विकतात, पण सासूबाईंच्या पुडीतला तेरडा साधा, एकेरी पाकळ्यांचा, गुलाबी होता. पावसाळ्यात ठाण्याशेजारच्या येऊरच्या जंगलाच्या वाटेवर कडेने उगवलेला दिसतो तसाच. १७५३ साली लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला ‘इम्पेशन्स बाल्समिना’ हे नाव दिले. त्यातल्या पहिल्या लॅटिन शब्दाचा अर्थ अधीर असा आहे. ते नाव त्याला का मिळाले हे अबीरला पुढे स्वतःच कळायचे होते, म्हणून मी तेव्हा काही सांगितले नाही.

बी कशात लावायचे यावर मात्र आमच्या घरात बराच विचार झाला. कागदी पेला दोन दिवसांत मऊ पडतो आणि प्लॅस्टिकचा डबा मला नको होता. आमच्या घरात आठवड्याला दोन नारळ फुटतात, त्यामुळे करवंट्यांना तोटा नव्हता. नारळाला तीन डोळे असतात आणि त्यांतला एकच मऊ असतो, कारण नारळाचा स्वतःचा कोंब त्याच डोळ्यातून बाहेर यायचा असतो. अबीरला मी तीनही डोळ्यांवर बोट दाबायला लावले. तिसऱ्यावर दाबताच तो ओरडला, “हा मऊ आहे!” तिथे पेचकस टोचून फिरवला की पाणी निघून जायला आयते भोक मिळते. नारळाच्या दोन भकलांपैकी डोळ्यांच्या भकलाचे हे असे सोपे असते. दुसऱ्या भकलाला डोळे नसतात आणि त्याला भोक पाडायचे म्हणजे खिळा तापवून घ्यावा लागतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

करवंट्यांना बाहेरून काचकागदाने घासून आम्ही गेरू लावला आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्याने वारली चित्रे काढली. ही कल्पना माझी. ठाण्यात राहणाऱ्या मुलाला ती चित्रे परकी वाटू नयेत असे मला मनापासून वाटते, कारण वारली पाडे ज्या भागात आहेत तो बराचसा मुलूख १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. २०११ साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा मशे यांनी ज्या चित्रांना भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेले, ती मुळात घरच्या बायकांनी लग्नाच्या वेळी काढायची चित्रे. त्या लग्नचौकात मधोमध जी पालघट देवी असते ती झाडापाल्याची, सुफलतेची देवी. अबीरने दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस केला, मग दुसरा, मग तिसरा, आणि एका करवंटीभोवती तारपा नाचणाऱ्यांचा फेर तयार झाला, ज्यात कुणाला तीन हात होते आणि कुणाचे डोके राहून गेले होते. पीठ पाण्याने धुपते हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळले. पाणी घालताना ओघळ आला की एखादा नाचणारा पुसला जाई, आणि अबीर त्या जागी नवा काढी. त्या चित्राला ‘झाले’ असे आम्ही कधीच म्हटले नाही.

माती तयार करणे हा या सगळ्या उद्योगातला मला सर्वांत आवडलेला भाग होता. दोन वाट्या लाल माती, एक वाटी गांडूळखत आणि एक वाटी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असे प्रमाण मी धरले होते. अबीरने वाटीने मोजून घातले, ढेकळे बोटांनी फोडली, आणि मी पाणी घालू लागले तेव्हा सासूबाईंनी माझा हात धरला. “पाणी किती घालायचं ते माप माझ्याकडे नाही,” त्या म्हणाल्या, “वाफसा आला पाहिजे.” त्यांनी मूठभर माती उचलली आणि दाबली. लाडू वळला गेला. मग अबीरला म्हणाल्या, “टोच.” त्याने तर्जनीने टोचले आणि लाडू दोन-तीन भागांत मोकळा झाला. पाण्याचा थेंब हातावर नाही, पण हात मात्र थंड. शेतकरी वाफसा म्हणतो तो हाच. माती ओली असते पण चिकट नसते, आणि दाण्याला पाण्याइतकीच हवाही मिळते. अबीरने नंतर किती मुठी वळल्या आणि टोचल्या याची गणती नाही. दोन महिन्यांनी, गणपतीसाठी मोदकाची उकड मळताना त्याने तिच्यात बोट खुपसून “वाफसा नाही आला” असे सांगितले, तेव्हा तो शब्द त्याचा झाल्याचे मला कळले.

बी किती खोल पुरायचे याचा साधा नियम असा की दाण्याच्या जाडीच्या दुपटी-तिपटीहून जास्त नाही. तेरड्याचा दाणा बारीक, म्हणून नखाएवढा खड्डा पुरला. एका करवंटीत आठ दाणे. अबीरने प्रत्येक दाणा मोजून ठेवला, वरून चिमटीने माती भुरभुरली, आणि करवंट्या खिडकीबाहेरच्या जाळीच्या पेटीत मांडल्या. हे सगळे आषाढातल्या पहिल्या रविवारी झाले.

सोमवारी सकाळी त्याने उकरून बघितले. मी म्हटले, “अरे, उकरायचं नाही.” संध्याकाळी पुन्हा उकरले. मंगळवारी मी करवंट्या जाळीच्या टोकाला, त्याचा हात पोचणार नाही अशा ठेवल्या, तर त्याने स्टूल आणले. आणि खिडकीपाशी स्टूल हा आमच्या घरातला कायमचा मनाई असलेला प्रकार, त्यामुळे मी रागावले. तो रडला. रडता रडता म्हणाला, “मला फक्त बघायचंय ते काय करतंय.”

हे वाक्य मी विसरणार नाही. मी त्याला बियांपासून अडवत होते ते बियांच्या भल्यासाठी, हे खरेच. पण त्याचे म्हणणेही अगदी बरोबर होते. जमिनीखाली काय चालले आहे हे बघण्याची इच्छा वाईट कशी असेल? वनस्पतिशास्त्राचा सगळा डोलारा त्याच इच्छेवर उभा आहे. मुलाला आपण बी देतो, ते मातीत झाकायला लावतो, आणि मग झाकलेल्याबद्दलचे कुतूहल हा त्याचा अपराध ठरवतो. फुलापर्यंत नीट पोचावे, फोटोत दाखवता येईल असे काहीतरी हाती लागावे, ही घाई माझी होती. त्याला दाण्याचीच ओढ होती.

उपाय सासूबाईंनी काढला आणि तो इतका सोपा होता की मी थोडी ओशाळले. त्या दिवशी बिरड्यासाठी कडवे वाल भिजवलेले होते. त्यांनी त्यातले मूठभर वाल घेतले, एक रिकामी करवंटी मातीने भरली, ते वाल आणि थोडे तेरड्याचे दाणे तिच्यात पेरून अबीरच्या हातात दिले आणि म्हणाल्या, “ही उकरायची करवंटी. ही तुझी. हवी तेव्हा उकर. बाकीच्या दोन आपल्या सगळ्यांच्या, त्या झाकलेल्या.”

मुलांबरोबर बी लावू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आता हेच सांगते, की एक कुंडी उकरण्यासाठी ठेवा. त्यातले बी जगेल अशी अपेक्षा धरू नका. ते बघण्यासाठी खर्ची पडणार आहे आणि तो खर्च योग्य आहे. वाल यासाठी फार चांगले, कारण दाणा मोठा, लहान बोटांत धरता येणारा, आणि भिजवलेला असला की दोन-तीन दिवसांत मोड येतो. अबीरने त्या आठवड्यात जे पाहिले ते मीही इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. दाणा आधी फुगतो आणि त्याची साल सैल होते. मग एका बाजूने पांढरे टोक बाहेर येते, आणि ते नेहमी मुळाचेच असते; पान नंतर. त्याने एक दाणा मुद्दाम उलटा करून ठेवला, मोड वर येईल असा. दुसऱ्या दिवशी मोडाने वळण घेतले होते आणि टोक पुन्हा खाली गेले होते. त्याने पुन्हा उलटा केला, ते पुन्हा वळले. मुळाच्या टोकातल्या पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात, ते गुरुत्वाकर्षणाने तळाशी बसतात आणि खालची दिशा कुठली हे मुळाला कळते. हे मी त्याला “मुळाच्या पोटात वाळू असते, ती खाली सरकते” असे सांगितले. ते शास्त्राच्या पुस्तकात बसणार नाही, पण त्याने मान डोलावली आणि स्वतः डोके खाली, पाय वर करून पोटातली वाळू सरकते का ते बघितले.

मग कोंब. कोंब सरळ वर येत नाही; तो मान वाकवून, पाठीने माती ढकलत येतो, म्हणजे शेंड्याची कोवळी पाने दगडमातीत खरचटत नाहीत. डोक्यावर बोजा घेऊन चढ चढणारी बाई जशी वाकते तसा त्याचा बाक असतो. आषाढी एकादशीला, साबुदाण्याच्या खिचडीची बशी हातात घेऊन, अबीरने पहिल्यांदा झाकलेल्या करवंटीतही तसाच बाक पाहिला. माती एके ठिकाणी तडकली होती आणि तड्याखाली फिकट हिरवी, केसाएवढी कमान होती. तो ओरडला नाही. त्याला आता ठाऊक होते की हे काय आहे. “आजी,” तो हळू आवाजात म्हणाला, “मान आली.”

आता त्या बिनडोळ्यांच्या करवंटीची गोष्ट. झाकलेल्या दोन करवंट्यांपैकी जिच्यावर तारप्याचा फेर होता ती नारळाच्या दुसऱ्या भकलाची होती. खिळा तापवून भोक पाडताना ती तडकेल आणि चित्र मोडेल म्हणून मी भोक पाडायचे टाळले होते. ठाण्याचा पाऊस असा की आषाढात जाळीतल्या कुंड्यांना वेगळे पाणी घालावेच लागत नाही. वाऱ्याबरोबर आलेले तुषारच पुरतात. भोक नसलेल्या करवंटीत पाणी साचत गेले. एका सकाळी तिच्यातली आठच्या आठ रोपे आडवी पडलेली होती. पाने अजून हिरवी होती, पण मातीच्या रेषेवर प्रत्येक देठ पाणीदार, दोऱ्यासारखा बारीक झाला होता, कुणी चिमटीत धरून पिळावा तसा. शेतीत याला रोपे कोलमडणे म्हणतात. साचलेल्या ओलीत बुरशी वाढते आणि ती कोवळ्या देठाला तळाशीच धरते.

“झोपली का?” अबीरने विचारले.

मी सांगितले की मेली. तो गप्प झाला आणि मग म्हणाला, “मी पाणी जास्त घातलं?” त्याने दोनदा पाणी घातले होते, आणि दोन्ही वेळा मी सांगितल्यावरूनच. माझ्या पोटात कालवले. मी त्याला मांडीवर घेऊन सांगितले की भोक पाडायचे काम माझे होते आणि ते मी केले नाही, पाण्याला बाहेर जायला वाटच नव्हती. त्याने ते ऐकून घेतले, करवंटी हातात घेतली, उलटीसुलटी करून खरेच भोक नाही ना ते तपासले, आणि तिच्यातली माती उकरायच्या करवंटीत ओतून मेलेल्या रोपांची मुळे बघत बसला. रोप मेले म्हणून मुलाला दुसरे आणून गुपचूप त्या जागी लावणारे आईबाप मी पाहिले आहेत, आणि त्यांची माया मला समजते. पण तसे मी केले असते तर त्याला भोकाचे कारण कधी कळलेच नसते, आणि मुळे बघण्याची ती सकाळही गेली असती.

राहिलेल्या करवंटीत सात रोपे होती. आता प्रश्न दिवसांचा होता. भिंतीवरच्या कालनिर्णयवर मी बोटाने तारखा दाखवल्या, पण चौकोनांच्या त्या रांगांत त्याला काही दिसेना. सासूबाईंनी तारखा सोडल्या आणि सण धरले. “आधी दिव्याची अवस येईल, मग नागपंचमी, मग नारळी पौर्णिमा, मग गोकुळाष्टमी, मग पोळा, मग गणपती, आणि मग तुझी गौर.” हे त्याने दोन दिवसांत पाठ केले, कारण प्रत्येक सणाला त्याच्याकडे एकेक पदार्थ होता. दोन महिने त्याला मोजता येत नव्हते, पण गोड दिवे, पुरणाची दिंडं, नारळीभात, गोपाळकाला, मोदक हे अंतर त्याला नीट कळत होते. आपल्या पंचांगात पेरणीपासून कापणीपर्यंतचा काळ असा खाण्याने मापलेला आहे, आणि तो लहान मुलाच्या हाताला बरोबर लागतो.

दिव्याच्या अवसेला रोपांना खरी, करवती कडांची पाने आली होती, आणि ती आम्ही करवंटीतून काढून मोठ्या कुंडीत लावली. नागपंचमीला जमीन खणायची नाही, काही चिरायचे नाही, म्हणून त्या दिवशी उकरायच्या करवंटीलाही सुट्टी मिळाली आणि तीही त्याने तक्रार न करता पाळली. नारळी पौर्णिमेला चेंदणी कोळीवाड्यातली मिरवणूक बघून आलो, तोवर तेरडा वीतभर झाला होता आणि सगळी रोपे उजेडाकडे कलली होती. कुंडी रोज अर्धी फिरवायचे काम अबीरने घेतले. गोकुळाष्टमीला पानांच्या बेचक्यांत कळ्या दिसल्या, आणि पोळ्याच्या सकाळी पहिले फूल उमलले. फुलाच्या मागे एक बारीक, वाकडी नळी असते. तिच्यात मध असतो. अबीरने ती बोटाने चाचपली आणि म्हणाला, “फुलाला शेपटी आहे.” कागदी फुलाला शेपटी नव्हती, हेही त्याने आवर्जून सांगितले.

आमच्याकडे गौरी तेरड्याची. अनुराधा नक्षत्रावर ती घरात येते, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवते आणि मूळ नक्षत्रावर जाते. तेरड्याची रोपे मुळांसकट आणायची असतात, कारण मुळे म्हणजे गौरीची पावले. दरवर्षी आदल्या दिवशी जांभळी नाक्याच्या बाजारातून आम्ही जुडी आणतो; ओल्या गोणपाटावर त्या जुड्यांचे ढीग लागलेले असतात आणि मुळांना लाल माती चिकटलेली असते. गेल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, “या वेळी घरचाच तेरडा आहे, एक रोप काढू.” आम्ही तो लावला होता तो याचसाठी, हे पहिल्याच दिवशी ठरलेले होते.

अबीर कुंडीला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला. तो हट्टाने ओरडला असता तर मला सोपे गेले असते. तो शांतपणे म्हणाला, “उपटलं की ते कोलमडतं.” त्याने ते पाहिलेले होते. सासूबाई त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. “अरे, पण मुळं दिसली नाहीत तर गौरीची पावलं कशी दिसणार?” त्यावर तो बराच वेळ विचार करत राहिला आणि मग म्हणाला, “आजी, ती उभी आहे ना. म्हणजे पावलं आहेत.”

सासूबाईंनी वर माझ्याकडे पाहिले. माझ्या लग्नाला अकरा वर्षे झाली, आणि घरच्या रीतीत त्यांनी काही बदलल्याचे मला आठवत नाही. त्या उठल्या, पिशवी घेतली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “चल रे, जांभळी नाक्याला जाऊन येऊ.” बाजारातली जुडी आली, तिची मुळे धुतली, हळदकुंकवाच्या पावलांवरून गौर आत आली आणि नेहमीच्या जागी बसली. पण तिच्या उजव्या अंगाला पाटावर आमची कुंडीही ठेवली गेली, आणि ओवाळताना निरांजन तिच्याभोवतीही फिरले. दुसऱ्या दिवशी भाजी-भाकरीचा आणि पुरणाचा नैवेद्य दाखवताना सासूबाईंनी केळीचे एक छोटे पान कुंडीपुढेही मांडले. मी त्याबद्दल त्यांना काही विचारले नाही.

जुडीतली दोन-तीन रोपे उरली होती. तेरड्याचा देठ मांसल आणि जवळजवळ पारदर्शक असतो, म्हणून शाळेत पाणी कसे वर चढते ते दाखवायला तोच वापरतात. पांढऱ्या फुलाचे एक रोप आम्ही मुळे धुऊन लाल रंगाच्या पाण्यात, काचेच्या पेल्यात उभे केले. दुपारच्या जेवणाआधी ठेवले आणि चहाच्या वेळेला पाहिले तर देठाच्या आत बारीक लाल रेघा चढलेल्या होत्या, उजेडासमोर धरल्यावर स्पष्ट दिसणाऱ्या. अबीरने बोटाने त्या रेघांवरून खालपासून वरपर्यंत माग काढला. मग खिडकीतल्या कुंडीकडे बघून म्हणाला, “यांच्यात पण चाललंय, फक्त रंग नाही.” मूळ नक्षत्रावर गौरीला निरोप द्यायला आम्ही तलावपाळीला गेलो, कृत्रिम तलावात जुडी सोडली, आणि परत आल्यावर तो आधी खिडकीपाशी गेला.

फुले गळून गेल्यावर मला वाटले होते की आता त्याचे लक्ष उडेल. तेरड्याचा खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. फुलाच्या जागी लव असलेली, दोन्ही टोकांना निमुळती, टपोरी शेंग धरते. पितृपक्षातल्या एका दुपारी अबीरने पिवळट झालेली एक शेंग चिमटीत धरली आणि ती त्याच्या बोटांत फुटली. शेंगेच्या पाच पाकळ्या एका क्षणात आतल्या बाजूला गुंडाळल्या गेल्या, दाणे त्याच्या गालावर, खिडकीच्या काचेवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आदळले, आणि तो दचकून मागे सरला. हातात उरलेली गुंडाळी अळीसारखी ओलसर होती. लिनियसच्या त्या नावाचे कारण हेच. पिकलेल्या शेंगेला स्पर्शही सोसत नाही. क्षणभर तो रडणार की हसणार हे मला कळेना. मग त्याने दुसरी शेंग धरली.

पुढच्या वर्षासाठी बी साठवायचे म्हणून मी त्याला शेंग मुठीत झाकून फोडायला शिकवले, आणि त्याने तशा बऱ्याच फोडल्या. मुठीत गुदगुल्या होतात म्हणून त्याला तेही आवडले. सासूबाईंच्या पुडीत होते त्याहून जास्त दाणे नव्या पुडीत जमले. पण अधूनमधून एक शेंग तो उघड्यावर फोडी आणि दाणे कुठे पडले ते बघायला जाळीतून वाकू पाही. काही खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या तुळशीत पडले, काही गच्चीच्या पन्हाळीत. मी ते थांबवले नाही, कारण तेरडा इथलाच आहे आणि कुठेही उगवला तरी त्याने कुणाचे बिघडत नाही. हे मात्र सगळ्याच फुलांबद्दल म्हणता येत नाही. पावसाळा आला की हल्ली मुलांकडून बियांचे गोळे करवून ते टेकड्यांवर फेकण्याचे कार्यक्रम होतात, आणि त्यांत कॉसमॉससारखी बागेतली परदेशी फुले असली तर मला काळजी वाटते. पुण्याच्या टेकड्यांवर पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसने जे पसरून ठेवले आहे, ते येऊरच्या जंगलात व्हायला नको. घाणेरीने आधीच तिथे पुष्कळ जागा घेतलेली आहे. बी फेकायचे असेल तर ते त्या मातीतले असावे, एवढे तरी मोठ्यांनी आधी बघायला हवे.

यंदा अबीर पहिलीत गेला आहे. नवी पुडी शिवणाच्या डब्यात जुनीच्या शेजारी ठेवली होती आणि ती आषाढात उघडायची असे आमचे ठरले होते. पण जूनचा पहिला मोठा पाऊस पडून आठवडा झाल्यावर, एका सकाळी शाळेचे बूट घालता घालता तो खिडकीपाशी थबकला. सरकत्या काचेच्या खालच्या पन्हळीत वर्षभराची धूळ साचली होती, तिच्यावर पावसाचे तुषार आले होते, आणि त्या बोटभर रुंदीच्या चिखलात फिकट हिरवी, वाकलेली एक मान होती. शेजारी दुसरी, नुकतीच सरळ झालेली, दोन गोल पानांची.

त्याने ती उकरली नाही. बोट जवळ नेऊन त्याने फक्त चिखल दाबून बघितला. मग आत वळून आजीला हाक मारली आणि सांगितले की आता ही काच कुणी बंद करायची नाही. तेव्हापासून ती खिडकी वीतभर उघडी असते. पाऊस तिरका आला की पाणी आत येते, आणि सासूबाईंनी खाली जुन्या चादरीची चौपदरी घडी घालून ठेवली आहे.